मागें येणाऱ्या गाडीचे कान



उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील रस्त्यांवर ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ट्रक व बैलगाड्या यांची रीघ लागते. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांकडे जाणारी ही रहदारी आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणापासून पाहिली आहे. अशा गर्दींत एखादा ट्रक मागें घ्यावयाचा असला म्हणजे क्लीनर खालीं उतरतो, पाठीमागें एका बाजूस उभा राहतो आणि "येऊं द्या, येऊं द्या" असें ओरडत राहतो, शेवटीं फळीवर जोरानें थाप मारून "बस!" म्हणतो. एस. टी. स्थानकावर हेंच काम कंडक्टर शिटी वाजवून करितो. ड्रायव्हर कितीही निष्णात असो, गाडीच्या पाठीस लागून असलेली कांहीं जागा त्यास आरशांतही दिसत नाहीं. तेवढ्यापुरते त्याला दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात.

आजच्या मोटारगाड्यांत क्लीनरचें हें काम करणारें एक लहानसें साधन बसविलेलें असतें. त्यास रिव्हर्स सेन्सर म्हणतात. मागच्या बंपरावर रुपयाएवढ्या दोन किंवा चार गोल टिकल्या दिसतात, त्याच ह्या. हें साधन पाहत नाहीं, तर ऐकतें. तें कसें ऐकतें आणि त्यावर कितपत विसंबावें, याचा विचार आज आपण करूं.

खोल, बांधीव विहिरीच्या कठड्याशीं उभें राहून हांक मारिली असतां ती परत ऐकूं येते, हा अनुभव तुम्हां सर्वांस आहे. ध्वनि पाण्यावर व भिंतीवर आपटून परततो, त्यास प्रतिध्वनि म्हणतात. हवेंत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअस तपमानास सेकंदाला सुमारें ३४३ मीटर असतो. जाण्यायेण्यास किती वेळ लागला हें मोजतां आलें, तर वेळेस वेगानें गुणून व दोहोंनीं भागून अंतर काढतां येतें. दोहोंनीं भागावयाचें कारण उघड आहे: ध्वनि तेवढीच वाट दोनदां चालतो. सेन्सरचें सारें गणित एवढेंच आहे.

ही युक्ति मनुष्यानें शोधण्यापूर्वींच निसर्गांत चालू होती. इटलींतील शास्त्रज्ञ स्पालान्झानी यानें १७९३ सालीं पाहिलें कीं, दृष्टि गेलेलें वटवाघूळही अडथळे चुकवून उडतें. पुढें कान बंद केल्यावर मात्र तें आपटतें, असें दिसून आलें. या कोड्याचा उलगडा होण्यास जवळ जवळ दीडशें वर्षें लागलीं. १९३८ पासूनच्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत डोनाल्ड ग्रिफिन व रॉबर्ट गॅलंबॉस यांनीं दाखवून दिलें कीं, वटवाघूळ आपल्याला ऐकूं न येणारे उंच आवाज काढतें व त्यांच्या प्रतिध्वनीवरून वाट ठरवितें. येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. वडाच्या झाडास दिवसा लटकलेलीं मोठीं, फळें खाणारीं वटवाघळें डोळ्यांनींच वाट काढतात. ही विद्या दिव्याभोंवतीं किडे टिपणाऱ्या लहान वटवाघळांची आहे.

मनुष्याच्या कानास सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. त्यापलीकडील ध्वनीस श्राव्यातीत ध्वनि म्हणतात. सेन्सर बहुधा ४०,००० ते ५०,००० कंपनांचा ध्वनि वापरितात. याचीं कारणें दोन. एक, हा आवाज कोणाच्या कानास त्रास देत नाहीं. दुसरें, ४०,००० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मिलिमीटरांच्या आसपास असते. तरंग असा आंखूड असल्यामुळें तो एका दिशेनें सोडतां येतो व लहान वस्तूवरूनही परततो.

हा ध्वनि निर्माण करणारा पदार्थही मोठा चमत्कारिक आहे. १८८० सालीं फ्रान्समध्यें झाक व पिअर क्यूरी या बंधूंना आढळलें कीं, गारगोटीसारखे कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत वीज उत्पन्न होते. याच्या उलटही घडतें: अशा पदार्थास वीज दिली तर तो आकुंचन व प्रसरण पावतो. पहिल्या महायुद्धांत लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें याच गुणाचा उपयोग पाण्याखालील पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठीं केला. आपल्या सेन्सरांत याच गुणाची एक चकती असते. ड्रायव्हरानें रिव्हर्स गिअर टाकला कीं चकतीस क्षणभर वीज मिळते, ती थरारते आणि ध्वनीचा एक लहानसा ठोका बाहेर पडतो. मग तीच चकती कान होऊन प्रतिध्वनीची वाट पाहते. वस्तु १ मीटरवर असली तर ध्वनि २ मीटर चालून सुमारें ५.८ सहस्रांश सेकंदांत परततो. अंतर कमी होईल तसा आंतील भोंगा अधिकाधिक घाईनें वाजतो, आणि वस्तु वीतभर राहण्यापूर्वींच तो सलग वाजूं लागतो.

परंतु प्रत्येक साधनास मर्यादा असते, आणि ती जाणणें हेंच खरें ज्ञान होय. चिखलानें माखलेला सेन्सर बहिऱ्या माणसासारखा होतो. मऊ कापड ध्वनि गिळून टाकतें. बारीक तार किंवा काठी फारच थोडा ध्वनि परत देते. बंपराच्या खालीं पडलेला दगड ध्वनीच्या वाटेंतच येत नाहीं. हवामानाचाही परिणाम होतो: थंडीच्या पहाटे १० अंशांस ध्वनि सेकंदाला सुमारें ३३७ मीटर चालतो, तर वैशाखाच्या दुपारीं ४० अंशांस सुमारें ३५५ मीटर. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, सेन्सर 'आहे' तें सांगतो. 'नाहीं' तें सांगत नाहीं. बिनकठड्याची विहीर, शेततळें अथवा आपल्या दोन्ही तालुक्यांतून वाहणारा नीरा डावा कालवा गाडीमागें असला, तर परत यावयास प्रतिध्वनीच नसतो, आणि भोंगा मुका राहतो.

आतां थोडें गणित करूं. गाडी ताशीं ५ किलोमीटर वेगानें मागें येत आहे, म्हणजे सेकंदास सुमारें १.४ मीटर. सेन्सरला दीड मीटरवर वस्तु कळली आणि ब्रेक दाबण्यास ड्रायव्हरास एक सेकंद लागला, तर उरलें किती? अवघे दहा सेंटिमीटर. आणि गाडी थांबावयास लागणारें अंतर त्यांत अजून धरलेलेंच नाहीं. म्हणून सेन्सर असलेली गाडीही माणसाच्या चालीपेक्षां हळू मागें घ्यावी.

येथें आमचाच एक दोष सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. आमच्या अंगणांत मेंदीचें कुंपण आहे. गाडी मागें घेतांना त्या कुंपणामुळें भोंगा रोज वाजे, व तो मनावर न घेण्याची आम्हांस संवय जडली होती. एके सकाळीं तो नेहमींप्रमाणें वाजला; आम्ही नेहमींप्रमाणें दुर्लक्ष केलें. इतक्यांत शेजारच्या आजीबाई "अहो सर, थांबा!" म्हणून ओरडल्या. उतरून पाहतों तों गाडीमागें हातभर अंतरावर त्यांचा तीन वर्षांचा नातू शेळीच्या करडाला पाला चारीत बसला होता. यंत्रानें आपलें काम चोख केलें होतें; चुकलों तें आम्ही. त्या दिवशीं वर्गांत शिकवितांना आमचा आवाज स्थिर नव्हता.

भारतांत १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींत मागील सेन्सर असणें बंधनकारक झालें. हा नियम चांगलाच आहे.  पण उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरास तो लागू नाहीं, आणि आपल्या गांवांतील मुलें तर मोटार व ट्रॅक्टर या दोहोंच्याही मागें खेळतात. तुमच्यांतील कित्येक जण पुढें शेतावर ट्रॅक्टर चालवितील, कित्येक मोटारी घेतील. त्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या: बसण्यापूर्वीं गाडीभोंवतीं एक फेरी मारावी, सेन्सरवरील धूळ पुसावी, आणि भोंगा वाजला कीं कारण कळेपर्यंत गाडी उभी करावी, मग तो शंभराव्यांदा का वाजलेला असेना. लहान भावंडांसही सांगावें कीं, उभ्या गाडीच्या मागें बसूं नये.

यंत्र आपणांस कान देतें. ऐकणें हें मात्र आपलेंच काम आहे.