न आलेली उत्तरे

मुळशी धरणाजवळ माले हे गाव आहे. मुलांनो, अशी कल्पना करा की, तेथील एका दुकानदाराने गिऱ्हाइकांस मोबाइलवरून विचारले, "आमचा माल कसा वाटला?" बहुतेकांनी "उत्तम" असे कळविले. दुकानदार हरखून गेला. स्तुती कोणास नको असते? परंतु ज्या आजीबाईंजवळ मोबाइलच नाही, त्यांचे मत त्यास कसे कळावे?

अशीच फसगत १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाची झाली. राष्ट्राध्यक्ष कोण होणार, हे जाणण्यासाठी त्याने सुमारे १ कोटी लोकांस टपालाने मत विचारले. नावे मुख्यतः दूरध्वनीच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती. त्या काळी गरिबाघरी दूरध्वनी कोठला! शिवाय बहुतेकांनी उत्तरच धाडले नाही. आलेल्या उत्तरांवरून लँडन जिंकणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. जॉर्ज गॅलप यांनी मात्र पुष्कळच थोड्या, परंतु समाजाच्या निरनिराळ्या थरांतील लोकांस विचारून रूझवेल्ट यांचा विजय आधीच सांगितला होता.

तेव्हा आपल्या दुकानदाराने आजीबाई मीठ न्यावयास येतील, तेव्हा त्यांस समक्षच विचारावे. त्या कदाचित म्हणतील, "माल बरा आहे रे बाबा, पण तुझ्या तांदळात खडे फार!"