सभासद शिक्षण : केरळची शाळा आणि आपला फड



चार माणसं बांधावर बसली की एक बोलणं हमखास निघतं, "पैसा आला की सुधारणा आपोआप येते." हे कितपत खरं आहे, ते केरळवरून पाहू.

१९७० च्या सुमारास केरळचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होते. तरी साक्षरतेत ते राज्य सर्वांच्या पुढे. २०११ च्या जनगणनेत तिथे शंभर स्त्रियांमागे ९२ साक्षर, आपल्याकडे ७६. हे कशाने घडले?

त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी १८१७ मध्येच शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा, असा हुकूम काढला. मिशनऱ्यांनीही शाळा काढल्या. पण नुसत्या हुकुमाने दार उघडत नसते. भातशेतीत राबणाऱ्या पुलय जातीची पोरं पुढे नव्वद वर्षे सरकारी शाळेबाहेरच राहिली.

१८८८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या इळव समाजातील नारायण गुरूंनी अरुविप्पुरम येथे स्वतःच्या हाताने शिवाची स्थापना केली. देव कोणा एका जातीचा नाही, हे त्यांनी करून दाखवले. पुढे ते लोकांना शाळा काढा, असेच सांगू लागले. पुलय समाजाचे अय्यनकाळी यांनी तर शेतमजुरांचा संप घडवला. आमच्या पोरांना शाळेत घेत नाही, तर आम्ही तुमच्या रानात पाय ठेवणार नाही, ही त्यांची मागणी. शेते पडून राहिली, तेव्हा जमीनदारांना नमते घ्यावे लागले. पुढे १९५७ पासून सरकारे बदलत गेली, पण शाळा आणि दवाखाना मागे टाकण्याची कोणाची छाती झाली नाही, कारण लोक जागे होते.

थोडक्यात, धर्माने माणूस सारखा मानला, राज्याने खर्च उचलला आणि खालच्या माणसाने हक्क मागितला. तिन्ही जुळले तेव्हा सुधारणा झाली.

ही शिकवण आपल्याला परकी नाही. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मग आपल्या फडात काय दिसतं? हंगामात टोळी उतरते. आई-बाप मोळ्या बांधतात, आठ वर्षांची पोरगी कोपीपाशी धाकट्याला सांभाळत बसते. ऊस वेळेवर गेला की आपलं भागलं! केरळच्या जमीनदारांना शहाणपण संपाने आले. आपणही तेवढ्यासाठीच थांबायचे काय?

गटात चर्चेसाठी :
१) आपल्या फडातील टोळीत शाळेच्या वयाची मुले किती?
२) जवळची शाळा किती लांब, आणि त्यांना तिथे नेण्याची जबाबदारी कोण घेणार?