विदर्भातल्या उन्हाळ्यात कोणतं कापड?

प्रश्न : चंद्रपूरला कामानिमित्त भर उन्हात दुचाकीवर फिरावं लागतं. अर्ध्या बाह्यांचे टी-शर्ट घालूनही अंगाची लाही होते. कोणते कपडे घ्यावेत?

उत्तर : तुमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, म्हणजे हवा त्वचेपेक्षा गरम असते. अशा वेळी उघडे हात गार होत नाहीत, उलट तापतात. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा, सैल, फिक्या रंगाचा शर्ट घ्या. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि अंग गार करतो. मात्र कापडातून वारा खेळायला हवा.

नुसतं ‘कॉटन’ पाहून घेऊ नका, वीण पाहा. कापड उजेडासमोर धरा. धाग्यांमधून बारीक उजेड दिसला तर ते चालेल. घट्ट विणीचं जाड सुती कापड दुपारी नकोसं होतं, आणि जीन्स तर मे महिन्यात कपाटातच राहू द्या. लिनन उत्तम, चुरगळतं, पण अंगाला चिकटत नाही. बजेट कमी असेल तर पातळ खादी घ्या. हातमागावरची वीण जरा मोकळी असते, आणि दोन-चार धुण्यांनंतर ती छान मऊ पडते. मलमल सुखद, पण फार पातळ असेल तर ऊन आत येतं. ती सावलीत, घरी वापरा.

लेबल जरूर वाचा. ‘कॉटन ब्लेंड’मध्ये बरंच पॉलिएस्टर असू शकतं, आणि साधं पॉलिएस्टर घाम जवळजवळ शोषतच नाही. कपडे स्टार्च करू नका, त्यानं वीण बुजते. डोक्या-कानाला सुती दुपट्टा बांधा, त्यावर हेल्मेट.