दगडावरचे डाग

देवघरातील शुभ्र संगमरवरी फरशीवर समईतील तेल सांडते. दुसऱ्या दिवशी तेथे काळपट वर्तुळ दिसू लागते. घरातील कोणीतरी लिंबाची फोड घेऊन येते. चिंच-लिंबाने पितळ लखलखते, हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव असतो. लिंबू चोळताच बारीक फेस येतो. मळ निघत आहे असे वाटून हात अधिक जोराने चालतो. फरशी धुऊन वाळल्यावर मात्र तेलाचा डाग तसाच असतो आणि त्याच्याभोवती एक निस्तेज, खरखरीत कडे उमटलेले असते. तो फेस मळाचा नव्हता. दगडच विरघळत होता.

असे का घडले, हे कळण्यासाठी दगडाची जात पाहावी लागते. राजस्थानातील मकराण्याचा संगमरवर, कोटा फरशी, कर्नाटकातून येणारी शहाबादी फरशी आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला लावतात तो आंध्र प्रदेशातील काळा कडप्पा हे सारे चुनखडीच्या कुळातले. त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाचा स्पर्श होताच त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो व दगड झिजतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर, ताक, फरशी धुण्याचे ॲसिड या सर्वांचा परिणाम कमीअधिक प्रमाणात हाच. ग्रॅनाइट आणि सह्याद्रीचा काळा पाषाण यांवर लिंबाचा असा फेस येत नाही. पण तेल ग्रॅनाइटही शोषून घेतो.

म्हणून डाग आणि चट्टा यांत भेद केला पाहिजे. डागात दगडाच्या छिद्रांत बाहेरचा पदार्थ शिरलेला असतो. तो बाहेर काढता येतो. चट्ट्यात दगडाचाच पृष्ठभाग गेलेला असतो. तेथे काढण्यासारखे काही उरत नाही, आणि घासण्याने तर आणखी जाते.

आत शिरलेला पदार्थ वर ओढून घेण्यासाठी लेप हा उत्तम उपाय होय. तेलाच्या डागावर खाण्याचा सोडा व पाणी यांचा दह्याइतका घट्ट लेप सुमारे अर्धा सेंटिमीटर जाड थापावा. त्यावर प्लास्टिकचा कागद ठेवून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. एक दिवसानंतर कागद काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. लेप वाळत असताना दगडातील ओलावा वर येतो आणि आपल्याबरोबर तेलही आणतो. वातीतून तेल चढते, तसेच हे घडते. वाळलेली भुकटी लाकडी पट्टीने हलके काढून जागा स्वच्छ पाण्याने पुसावी. जुना डाग एका खेपेत जात नाही. तीन-चार वेळा हीच कृती करावी लागली, तरी चिकाटी सोडू नये.

चहा आणि हळद यांचे डाग निराळे. तेथे औषधाच्या दुकानात मिळणारे सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड पांढऱ्या टिपकागदावर घेऊन तो कागद डागावर ठेवतात. हा उपाय फिकट दगडापुरताच ठेवावा. काळ्या कडप्प्याचा रंग त्याने उडू शकतो. हळदीला उन्हाचेही वावडे आहे, त्यामुळे खिडकीजवळच्या फरशीवरील पिवळेपणा कधी कधी आपोआप ओसरतो. लोखंडी डब्याखाली पडलेला गंजाचा डाग मात्र फार हट्टी असतो. तो जाणकाराकडे सोपवणे बरे.

कोणताही उपाय आधी कोपऱ्यात, दृष्टीआड असलेल्या जागी करून पाहावा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो.

लेपाची ही युक्ती काही केवळ घरगुती नाही. हवेतील धूळ आणि काजळी यांमुळे पिवळसर पडलेल्या ताजमहालाच्या संगमरवरावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1994 पासून वेळोवेळी मुलतानी मातीचे लेप दिले आहेत. माती थापायची, वाळू द्यायची आणि पाण्याने धुऊन काढायची, एवढेच काम. पण भिंतीमागून भिंत करत ते महिनोन्‌महिने चालते. तेथे कोणी लिंबू चोळत नाही.

देवघरातील त्या फरशीचे तेल लेपाने निघेल. लिंबाने उमटलेले कडे घालवायला मात्र पॉलिशवाल्या कारागिराला बोलवावे लागेल, आणि तोही सभोवतालचा थोडा दगड घासूनच ते सपाट करील.

पाठगत प्रश्न
1. ‘डाग’ आणि ‘चट्टा’ यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
2. वाळत जाणारा लेप दगडातील तेल कसे ओढून घेतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
3. तुमच्या घरातील ओटा कोणत्या दगडाचा आहे, याची चौकशी करून त्याची निगा कशी राखाल ते पाच-सहा वाक्यांत लिहा.