विंचवाचा रुग्ण आणि एकत्र तास

प्रश्न : मी नर्सिंगला आहे. काही तास एमबीबीएसच्या मुलांबरोबर असतात. ती आम्हाला खिजगणतीत धरत नाहीत. मग जायचं कशाला?
– एक विद्यार्थिनी, तुडील

उत्तर : जा, आणि पुढच्या बाकावर बसा. तुमच्याच महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाची गोळी वापरून कितीतरी जीव वाचवले. गोळी डॉक्टर लिहून देतो. पण तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून रुग्णाला झोपवून ठेवायचं, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारठा पुन्हापुन्हा बघायचा. रात्रभर हे करतं कोण? सिस्टरच! तासाला हाच रुग्ण चर्चेला मागा. तुमची नोंद पाहिल्याशिवाय पुढचा डोस ठरत नाही, हे त्या मुलांना तिथेच उमगेल. नुसत्या एकत्र व्याख्यानाने मात्र अढी जात नाही. तसं चाललं असेल तर शिक्षकांना स्पष्ट सांगा.