निऑन अंकनलिकांचे घड्याळ

अंधारात नारिंगी अंकांनी वेळ दाखविणारे घड्याळ हौशी विद्यार्थ्याला स्वतः बांधता येते. त्यातील ‘निक्सी’ नलिका अमेरिकेतील बरोज कंपनीने १९५५ च्या सुमारास प्रचारात आणल्या. पुढे १९७० नंतरच्या दशकात प्रकाश-उत्सर्जक डायोडांनी त्यांना मागे टाकले. तथापि सोव्हिएत कारखान्यांत तयार झालेल्या जुन्या नलिका अजूनही हौशी मंडळींना मिळतात.

नलिकेची रचना : काचेच्या बंद नलिकेत अल्प दाबाचा निऑन वायू असतो. तीत ० ते ९ या अंकांच्या आकाराची दहा धातूची ऋणाग्रे एकामागे एक बसविलेली असतात. समोर जाळीचे धनाग्र असते. सुमारे १७० व्होल्ट दाब दिला असता वायूचे आयनीभवन होते आणि जोडलेल्या ऋणाग्राभोवती प्रकाशाचे वेष्टन दिसते. येथे तार तापत नाही. प्रकाशतो तो वायूच होय.

रोधक : वायू एकदा वाहक झाला म्हणजे प्रवाह आपोआप मर्यादित राहत नाही आणि नलिका नष्ट होते. म्हणून प्रत्येक धनाग्राशी एकसरीत रोधक जोडावा. समजा, पुरवठा १८० व्होल्ट आहे, प्रकाशित नलिकेवर १४० व्होल्ट राहतात आणि प्रवाह २.५ मिलिअँपिअर हवा आहे. उरलेले ४० व्होल्ट रोधकाने घ्यावयाचे. ४० ÷ ०.००२५ = १६,००० ओहम.

कालगणना : क्वार्ट्झ स्फटिक सेकंदास ३२,७६८ कंपने करतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली असता १ उरतो. म्हणजेच दर सेकंदास एक स्पंद मिळतो. गणक मंडले हे स्पंद मोजून सेकंद, मिनिटे व तास ठरवितात आणि निवड-मंडल योग्य अंकाचे ऋणाग्र जोडते.

निष्क्रिय अंक : तासांच्या दशकस्थानी ०, १ व २ एवढेच अंक येतात. प्रकाशित ऋणाग्रावर आदळणारे आयन त्याचे धातुकण उडवितात व ते शेजारच्या निष्क्रिय अंकांवर साचतात. असा अंक पुढे कधी लावल्यास अर्धवटच उजळतो. यासाठी प्रत्येक नलिकेतील सर्व अंक रोज काही मिनिटे आळीपाळीने प्रकाशित करावेत. या यंत्रात विश्रांतीनेच अंक बिघडतो!

सावधगिरी : १८० व्होल्टचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. घरातील वीज थेट न जोडता १२ व्होल्टच्या सुरक्षित पुरवठ्यावरून दाबवर्धक मंडल चालवावे. वीज बंद केल्यावरही धारित्रात विद्युत् भार शिल्लक असतो. म्हणून दाब मोजून तो नाहीसा झाल्याची खात्री केल्याखेरीज आत हात घालू नये. जाणकार शिक्षक जवळ असल्याशिवाय हे काम करू नये.

अभ्यास : पुरवठा २०० व्होल्ट घेतल्यास वरील नलिकेस किती ओहमचा रोधक लागेल?