रडण्याने श्रद्धा उणी होत नाही
(वाचन : योहान 11:1-44)

घरात मयत झाली की भेटायला येणारी माणसे धीर देतात. “देवाची इच्छा,” “आता रडू नका, त्यांच्या आत्म्याला त्रास होईल,” असेही कोणी बोलून जाते. हेतू चांगलाच असतो. पण ज्याचे माणूस गेले त्याला वाटू लागते, की आपले रडणे म्हणजे पाप, आपली श्रद्धाच कच्ची. शुभवर्तमानात मात्र वेगळे चित्र दिसते.

बेथानी गाव यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटरवर. लाजरस आजारी असल्याचा निरोप बहिणींनी येशूला धाडला होता, तरी तो आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला. तो आला तेव्हा लाजरसला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था त्याला सामोरी गेली, मरिया घरातच बसून राहिली. एकाच घरातल्या बहिणी, पण दोघींच्या दुःखाची रीत निराळी. तोंडी शब्द मात्र एकच : प्रभू इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता. ही तक्रारच आहे! येशू त्यांना गप्प करत नाही. मार्थेला तो पुनरुत्थानाविषयी सांगतो. मरियेला रडताना पाहून व्याकूळ होतो आणि स्वतःही रडतो. घटकाभरात लाजरसला आपण उठवणार, हे ठाऊक असूनही तो रडला.

संत पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका (1 थेस्स 4:13). शोकच करू नका, असे तो लिहीत नाही. आपण बहुधा हे वचन अर्धेच सांगतो.

संत ऑगस्टीनने तर रडू आवरून पाहिले. इ.स. 387 मध्ये आफ्रिकेतल्या घरी परतताना रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्याची आई संत मोनिका वारली. ती 56 वर्षांची, तो 33 चा. तिने प्राण सोडताच नातू अदेओदातुस हंबरडा फोडून रडू लागला, तेव्हा सगळ्यांनी त्याला गप्प केले. (आपणही मुलांना असेच दटावतो.) दफनाच्या वेळीही ऑगस्टीनच्या डोळ्यांत पाणी आले नाही. स्नानाने मनावरचे ओझे उतरते असे ऐकून त्याने स्नान केले. उपयोग झाला नाही. झोपून उठल्यावर, एकटा असताना, बांध फुटला. जिने माझ्यासाठी इतकी वर्षे अश्रू ढाळले तिच्यासाठी मी थोडा वेळ रडलो तर कुणी हसू नये, अशा अर्थाचे त्याने ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे.

मोनिकाने गावी पतीशेजारी स्वतःसाठी कबरेची जागा राखली होती. पण परक्या मुलखात मरण जवळ आले तेव्हा ती मुलांना म्हणाली, की देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. 2020-21 च्या कोरोनाकाळात ज्यांना आपल्या माणसाला मातीही देता आली नाही, त्यांना या मागणीचा अर्थ वेगळा सांगायला नको. कबरीपर्यंत पोहोचता आले नाही, तरी वेदी आपल्या गावातच आहे.

ऑगस्टीनने त्याच ग्रंथात वाचकांना विनंती केली आहे, की वेदीपाशी माझ्या आईवडिलांचेही स्मरण करा. सोळाशे वर्षे झाली. आज मिस्सेत आपल्या मृतांची नावे मनात घेताना मोनिका आणि तिचा पती पॅट्रिशियस ही दोन नावेही घेऊ या.